नावाला ओ

गेली एकवीस वर्षे मी वर्गात हजेरी घेत आलो आहे. मी नाव उच्चारावे आणि कुठल्या तरी बाकावरून 'हजर' असा शब्द यावा, यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते. क्वचित एकाच नावाला दोन बाकांवरून ओ येते. क्वचित तापाने फणफणून घरी अंथरुणावर पडलेला विद्यार्थी त्याच वेळी वर्गातही हजर असतो. पण ओ येते, हे खरे. व्याकरणाच्या तासाला संबोधन ही विभक्ती मी नेहमी शेवटच्या पाच मिनिटांत उरकत आलो. हाक मारण्यासाठी वापरतात ते संबोधन, एवढे सांगितले की घंटा व्हायची. या विभक्तीचा खरा अभ्यास मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी करावा लागला, आणि तो करवून घेणारे गुरुजी चार पायांचे निघाले.

गेल्या वर्षी आषाढात ते आमच्या घरी आले. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्यांना लहानपणापासून वाढवले होते. ते गृहस्थ गेले आणि हा पोरका जीव त्यांच्या नातेवाइकांकडे आला. घर दोन खोल्यांचे, शेजारी कुरकुरणारे, माणसे दिवसभर नोकरीवर. सात-आठ महिने त्याचे सगळे आयुष्य गॅलरीच्या गजाला बांधलेल्या साखळीच्या लांबीएवढे होते. नातेवाइकांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही याहून निराळा वागलो नसतो. शेवटी त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकला, तो फिरत फिरत आमच्या सौ.च्या कानावर आला, आणि एका पावसाळी संध्याकाळी पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात एक तांबूस रंगाचे, छातीवर पांढरा ठिपका असलेले, एक कान उभा आणि एक मुडपलेला असे देशी कुत्रे ओल्या पावलांनी दाखल झाले. वय पाच. बरोबर सामान म्हणजे एक ॲल्युमिनियमचे भगुले, एक साखळी आणि लसींची नोंद असलेले एक कार्ड. कार्डावर नाव होते, 'टायगर'.

"टायगर!" मी प्रेमाने हाक मारली.

टायगर पोटाशी शेपूट घेऊन आईच्या कॉटखाली गेला, तो रात्री सगळे निजल्यावरच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मुलीने हाक मारली, तिसऱ्या दिवशी मुलाने. प्रत्येक वेळी तेच. भांडे पडले तर तो नुसता दचकायचा. पण 'टायगर' म्हटले की अंग चोरायचा. हळूहळू उलगडा झाला. त्या गॅलरीत महिनोन्‌महिने त्याच्या नावापुढे एकच शब्द येत असला पाहिजे. "टायगर, गप्प! टायगर, खाली बस! टायगर, पुन्हा भुंकलास तर बघ!" नाव आणि दटावणी यांचा त्याच्या मनात समास झाला होता, आणि त्या समासाचा विग्रह आमच्या हातून होण्यासारखा नव्हता. त्याच्या पहिल्या मालकांनी हे नाव कसे लाडाने उच्चारले असेल, की आणखीच कुठल्या नावाने ते त्याला जवळ घेत असतील, हे कळायला आता मार्ग नाही.

तेव्हा नाव बदलायचे ठरले. घरात मराठीचा प्राध्यापक असल्यावर नाव ठेवण्याचा मान आपलाच, अशी माझी समजूत होती. मी मंडळींना पाणिनीपासून सुरुवात करून सांगितले. कुत्रा, तरुण माणूस आणि प्रत्यक्ष इंद्र या तिघांना पाणिनीने एकाच सूत्रात दावणीला बांधले आहे. व्याकरणाच्या लेखी तिघांची रूपे सारखीच चालतात. मग ऋग्वेदातल्या सरमेवर आलो. ती इंद्राची कुत्री, पणींनी लपवलेल्या गाई तिने हुडकून काढल्या. तिची संतती ती 'सारमेय'. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ ज्याला विनाकारण झोडपतात, तोही सारमेयच. तेव्हा आपल्या या पाहुण्याला...

"सारमेय, ये, पोळी खा," असे मुलाने म्हणून पाहिले आणि ती सूचना तिथेच बारगळली.

सौ.ने 'बंडू' सुचवले. पण मुलाचे घरातले नाव बंटी. एक हाक मारली की दोघे यायचे, किंवा दोघेही यायचे नाहीत. दुसरी शक्यता अधिक. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "एवढा काय खल करताय? मोत्या म्हणा की."

आईचा कुत्र्याला विरोध होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकायचे नाही, या अटीवर तिने त्याला थारा दिला होता. पण नाव तिचेच ठरले. मला स्वतःला ते फार सामान्य वाटले. मग त्यातली व्याकरणाची गंमत लक्षात आली. मूळ शब्द मोती. हाक मारताना त्याचे होते मोत्या. म्हणजे हे नाव जन्मतःच संबोधनात आहे. कुत्र्याविषयी व्याख्यान कोण देतो? त्याला हाकच मारायची असते.

आता शिकवणे आले, आणि तो तर माझा व्यवसाय. मी दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे बसून "मोत्या, मोत्या, मोत्या, मोत्या" असे पाठांतर सुरू केले. पहिल्या दिवशी त्याने एकदा कान हलवला. चौथ्या दिवशी तोही हलवणे बंद केले. आठव्या दिवशी मी नाव घेत असताना तो शांतपणे झोपी गेला. माझ्या तासाला झोप लागणे यात अनोखे काही नाही. पण इतक्या निर्मळ मनाने कोणी झोपल्याचे मी पाहिले नव्हते.

रेबीजची वार्षिक लस द्यायला त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा मी ही तक्रार सांगितली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझी पद्धत करून दाखवायला सांगितली. मी पाचसहा वेळा नाव घेतल्यावर ते हसले.

"सर, तुम्ही हजेरी घेताय. नाव घेता, आणि पुढे काहीच घडत नाही. त्याच्या दृष्टीनं मोत्या म्हणजे पंख्याची घरघर. नाव एकदाच घ्यायचं. त्यानं बघितलं रे बघितलं, की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि तोंडात घास."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर गप्प बसायचं. थोडं थांबायचं, जवळ जायचं, मग पुन्हा एकदा. दहादा म्हटलंत की तो शिकतो, पहिल्या नऊ हाकांना काही अर्थ नसतो."

वाचकहो, या शेवटच्या वाक्यावर मी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. घरोघरी मुलांना जेवायला बोलावण्याची जी रीत आहे, तिचेच हे वर्णन नव्हे काय?

घरी येऊन मी वाचन सुरू केले. त्यावाचून आमच्या जातीला चैन पडत नाही. रशियातले शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली पचनसंस्थेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करतानाच त्यांच्या ध्यानात आले होते, की आधी ठराविक आवाज आणि लगोलग अन्न असे पुनःपुन्हा घडले, की पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. येथे क्रम महत्त्वाचा. आधी आवाज, मग घास. घास आधी दाखवून मग नाव घेतले, तर कुत्रे घासाकडे बघते, नाव ऐकतच नाही. मी नेमकी तीही चूक करत होतो. अमेरिकेतले जॉन पिली नावाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आपल्या 'चेसर' नावाच्या कुत्रीला तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावे शिकवली आणि २०११ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. माझी मागणी एकाच नावाची होती.

मग आम्ही शिस्तीने सुरुवात केली. जेवणाआधी, त्याला भूक असताना, एका वेळी चारपाच मिनिटे, दिवसातून तीनचार वेळा. घास म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. (कांदा, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान असतात, हे दिवाळीच्या दिवसांत घराघरांतील बाळगोपाळांना आवर्जून सांगावे.) प्रथम बंद खोलीत, हाताच्या अंतरावरून. ते साधले की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मग पलीकडच्या खोलीतून, मग जिन्यात, आणि शेवटी रस्त्यावर, लांब दोरी बांधून. घरातल्या सगळ्यांनी एकच नाव, एकाच सुरात घ्यायचे. मुलीने लाडाने 'मोतूडी' केलेले रद्द झाले. आणि सर्वांत कठीण नियम असा, की नाव घेऊन कधी रागवायचे नाही. नाव घेऊन आंघोळीला, औषधाला, पट्टा बांधायला बोलवायचे नाही. तसले काम असेल तर आपण उठून त्याच्यापाशी जायचे. नावावर कामाचा डाग पडू द्यायचा नाही.

तीन आठवड्यांत बंद खोलीतला पहिला धडा उतरला. नाव घेतले की मान वळे. पण ती वळे हिशेबाने. खिशात पनीर असेल तर वळे, नसेल तर नाही. माझ्या हाताकडे तो बघे, माझ्याकडे बघत नसे. पलीकडच्या खोलीतून हाक मारली, तर येई की नाही हा निव्वळ योगायोग. श्रावण सरत आला, तरी रात्री तो दाराशी तोंड करूनच झोपायचा. कुणाची वाट पाहत असायचा, हे विचारण्याची गरज नव्हती.

एके दिवशी दुपारी मी वैतागून म्हणालो, "दोन महिने झाले, साधं नाव कळत नाही!"

आई खुर्चीत बसून वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "दोनच ना? मला सहा लागले होते."

"कसले सहा?"

"महिने. उषा म्हटलं की ते मला म्हणतात, हे कळायला."

मी तिच्याकडे बघत राहिलो. आईचे माहेरचे नाव कमल, हे मला ठाऊक होते, म्हणजे शाळेच्या अर्जावर आईचे नाव लिहावे तसे ठाऊक होते. वाईचे माहेर. १९७३ सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती पुण्याला आली. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यावर नवे नाव लिहायचे, मग सगळ्यांना साखर वाटायची, ही आपल्याकडची रीत.

"दुष्काळाचं वर्ष ते," आई म्हणाली. "ताटात तांदूळ पसाभरच होते. म्हणून दोन अक्षरी नाव ठेवलं असेल, असं मी आपलं मनाशी म्हणायची. दुसऱ्या दिवशी सासूबाई आतून हाका मारताहेत, 'उषा, उषा', आणि मी मागं वळून बघतेय, या घरात उषा कोण आहे म्हणून! त्यांना वाटलं, मुलगी बहिरी आहे, फसवलं आपल्याला."

ती हसली. मीही हसलो, पण पुरते हसू आले नाही.

"मग सवय झाली?"

"सवय कसली? हाक आली की पोटात गोळा यायचा. आता काय चुकलं, आता काय राहिलं. उषा, दूध उतू गेलं. उषा, पाणी भरलं का. ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनी तर ते कधी उच्चारलंच नाही. 'अगं, ऐकलंस का' म्हणून आयुष्य गेलं त्यांचं."

वडिलांविषयी ती असे बोलली, त्यात तक्रार नव्हती. तीही त्यांना जन्मभर 'अहो'च म्हणत आली.

"मग ओ द्यायला लागलीस ती कधी?"

आईने वात खाली ठेवली. "तुझे आजोबा. त्यांना मोतीबिंदू झाला होता. दुपारची जेवणं झाली, मागचं आवरलं, की बाहेरून हाक मारायचे, 'उषा, ये गं, जरा पेपर वाचून दाखव.' मी गेले की आधी खुर्ची पुढं करायचे. घरातली बाकीची बायामाणसं उभी. मी खुर्चीत. अर्धा तास वाचायची. मध्येच विचारायचे, तुला काय वाटतं यावर. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग एक दिवस बघते तो, हाक पुरी व्हायच्या आत मी उठलेली. तेव्हापासून मी उषा."

थोडे थांबून ती म्हणाली, "बाकीच्या हाकांमागं काम होतं रे. त्या हाकेमागं खुर्ची होती."

पावलोव्ह मी पुस्तकात वाचला होता. आईने तो पन्नास वर्षांपूर्वी जगून पाहिला होता, आणि पावलोव्हपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन. घास महत्त्वाचा खराच. पण खुर्ची त्याहून मोठी. सौ.ने लग्नात नाव बदलले नाही, तेव्हा आईने एका शब्दाने विरोध केला नव्हता, याचे मला त्या वेळी नवल वाटले होते. ते आता उलगडले.

त्या दिवसापासून आईने शिकवणीचे काम आपल्याकडे घेतले. म्हणजे तसे ती म्हणाली नाही. दुपारी जेवण झाले की ती खुर्चीत बसे, एकदाच "मोत्या, ये" म्हणे आणि शेजारी जमिनीवर अंथरलेल्या जुन्या सतरंजीवर हात थोपटी. आला तर पनीरचा तुकडा, मानेला खाजवणे आणि अर्धा तास सोबत. नाही आला तर ती वाती वळत बसे. हातात कधी घास असे, कधी नसे. सतरंजी मात्र रोज असे. पंधराएक दिवसांत मी एकदा महाविद्यालयातून लवकर परतलो, तर आईने 'मो' म्हणताच मोत्या पलीकडच्या खोलीतून निघालेला मी डोळ्यांनी पाहिला. त्या रात्रीपासून तो दाराकडे पाठ करून झोपू लागला.

दिवाळी आली. फटाक्यांच्या आवाजाचा कुत्र्यांना किती त्रास होतो, हे मी लिहायला नको. माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही खिडक्या लावल्या, पडदे ओढले, रेडिओ मोठ्याने लावला आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गोधडी टाकून दिली. ती रात्र निभली. पाडव्याला पहाटे, सगळे शांत असताना, मी त्याला खाली नेले. परतताना फाटकाशी आलो आणि समोरच्या बोळात कुणी तरी हजाराची माळ लावली. मोत्या मागे सरकला, एक हिसडा दिला, आणि साखळी, पट्टा माझ्या हातात राहून कुत्रे दिसेनासे झाले. पट्टा एक भोक घट्ट बांधायला हवा होता. दोष माझा.

तो कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका टेम्पोखाली, अगदी मागच्या चाकापाशी, अंगाची जुडी करून बसला होता. मी वाकून हाका मारू लागलो. "मोत्या! मोत्या, इकडे ये! मोत्या!" माळ संपली, दुसरी लागली. टेम्पोचा मालक निघण्याच्या घाईत. रस्त्यावर मोटारसायकली सुरू झालेल्या. माझा आवाज चढत गेला. प्रत्येक हाकेसरशी तो आणखी आत सरकत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या खांद्यावर हात पडला. गणपतीपासून गुडघ्याच्या दुखण्यामुळे जी एक मजलाही उतरली नव्हती, ती आई तीन मजले उतरून आली होती.

"आधी तू गप्प बस," ती म्हणाली.

दुकानाच्या पायरीवर ती बसली, टेम्पोकडे जराशी पाठ करून. माळ विझेपर्यंत थांबली. मग, दुपारच्या जेवणानंतर मारायची त्याच आवाजात, एकदाच म्हणाली, "मोत्या, ये." आणि पायरीवर हात थोपटला.

पोट जमिनीला घासत तो बाहेर आला आणि तिच्या निऱ्यांत तोंड खुपसून थरथरत उभा राहिला. तिच्या हातात घास नव्हता. मी पट्टा घेऊन पुढे झालो, आणि भीती ओसरली की माणसाला जो राग येतो, तो माझ्या तोंडावर आला. आईने नुसते बघितले. "आल्यावर रागावलास, तर पुढच्या वेळी कशाला येईल?"

पुढे मी यामागचे शास्त्र हुडकून काढले. बुडापेस्टच्या संशोधकांनी तेरा कुत्र्यांना मेंदूचे चित्र काढणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवले आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल, तरच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाचे केंद्र उजळते. दोहोंतले एकच असून भागत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात २०१९ साली असे दिसले, की माणसांच्या गलबल्यातही कुत्र्याला आपले नाव वेगळे ओळखता येते; मात्र गलबला नावापेक्षा मोठा झाला, की येत नाही. आईने यातले काही वाचलेले नव्हते. ती माळ संपण्याची वाट बघत बसली, आणि सूर बदलला नाही. माझ्या तोंडून निघत होता तो शब्द मोत्या असला, तरी त्याला ऐकू येत होते ते 'टायगर'.

दुसरा दिवस भाऊबीजेचा. दरवर्षी मामा वाईहून पहिल्या गाडीने येतात. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि दाराची घंटा वाजवण्यावर त्यांचा विश्वास नाही. आईला अलीकडे कमी ऐकू येते; घंटा तर मुळीच येत नाही. कानात घालायचे यंत्र आणून दिले आहे, ते कपाटाच्या खणात सुखरूप असते. ती स्वयंपाकघरात निरांजनात वात घालत होती, मी तिच्याशी बोलत होतो, खाली फटाके चालू होते. एकाएकी ती थांबली.

"आले रे, आले!" म्हणत ती उठली, आणि गुडघ्याची आठवण न ठेवता खिडकीशी गेली.

मी काहीच ऐकले नव्हते. तिच्या मागून जाऊन वाकून बघितले, तर खाली रस्त्यावर पिशवी सावरत मामा उभे होते आणि तोंडाशी हात धरून पुन्हा ओरडत होते, "कमे! ए कमे!"

वर्षातून एकदा येणारी ती हाक. मला ती आई, मुलांना आजी, आधार कार्डाला उषा. आजोबा गेल्यापासून उषा म्हणणारेही घरात कोणी नाही. पण तीन मजल्यांवरून, फटाक्यांच्या गदारोळात, मंदावलेल्या कानांना नेमके तेवढेच ऐकू आले होते. मोत्या तिच्या पायाशी येऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत जे कुत्रे गेले, त्याला व्यासांनी नाव दिलेले नाही. मोत्याचे आता तसे नाही. जिन्यात, फाटकाशी, कोपऱ्यावरच्या गर्दीतसुद्धा एका हाकेला त्याची मान वळते, आणि हाताकडे न वळता तोंडाकडे वळते. 'टायगर' हे नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. लसीच्या कार्डावर आणि महापालिकेच्या परवान्यावर 'मोत्या' अशी नोंद करून घेतली आहे.

माझी गोष्ट सांगायची राहिली. मुलगा यंदा सतरा वर्षांचा झाला. तो हाकेला ओ देत नाही, अशी माझी जुनी तक्रार. मध्यंतरी एका रविवारी मी त्याला किती वेळा हाक मारतो, ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवले. नऊ वेळा. त्यांतल्या आठ हाका कामाच्या होत्या, नववी रागाची. ते पान मी सौ.लासुद्धा दाखवले नाही.

परवा दुपारी जेवणे झाल्यावर मी त्याला हाक मारली. एकदाच.

"काय काम आहे?" आतूनच आवाज आला.

"काम नाही. ये."

बराच वेळ काही झाले नाही. मी पुन्हा हाक मारली नाही. मग तो दारात येऊन उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर, संशयाने माझ्या हाताकडे बघत.

मी खुर्ची पुढे सरकवली.